काट्यावर न चढलेला माणूस

आमच्या ओसरीत कांदे तोलायचा काटा होता आणि त्यावर आम्ही माणसं तोलायचो. लासलगावच्या एका व्यापाऱ्यानं वखारीतून काढून टाकलेला तो काटा पप्पांनी ट्रकवर घालून आणला, आठ दिवस रॉकेलनं पुसला, दांडीवरचं सरकतं वजन घासून लख्ख केलं. तरी हवा दमट झाली की त्याला कांद्याचा वास सुटायचाच. नाशिकच्या बाहेर मिशनचा एक माळ होता. माळावर पत्र्याची मोठी शेड, शेडमध्ये मिशनचं चार माणसांचं छोटं विमान, आणि शेडला लागून आमचं तीन खोल्यांचं घर. विमान चालवायचे थॉमसभाऊ. केरळकडचे, तिशीतले, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारे. बाकी सगळं पप्पांकडे होतं. विमान पुसायचं, पेट्रोल गाळून भरायचं, नटबोल्ट तपासायचे, माळावर घुसलेली गुरं हाकलायची आणि विमानात चढणाऱ्या प्रत्येकाला तोलायचं. पप्पा आधी नाशिकरोडला ट्रकच्या गॅरेजात मेस्त्री होते. विमानाला ते शेवटपर्यंत 'गाडी'च म्हणत.

त्यांचा नियम एकच. काट्यावर चढल्याशिवाय गाडीत चढायचं नाही. हातातल्या पिशवीसकट, पायातल्या वहाणांसकट चढायचं. आधी काटा खरा आहे का ते बघायला वीस किलोचं लोखंडी वजन ठेवायचे, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही की मला हाक मारायचे, "शीले, ये, उभी राहा." मी तेव्हा चौदा वर्षांची. आई चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडायची, "पोर आहे का माप आहे हो तुमचं?" शाळेत मुली मला 'छत्तीस किलो' म्हणूनच हाक मारत. दवाखान्याचे गोरे डॉक्टर चांगले जाडजूड होते, त्यांनाही पप्पांनी काट्यावर उभं केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ब्याण्णव. साहेब, एक पेटी खाली राहील." डॉक्टर हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पेटी उतरवली. पप्पा गोऱ्यांना भीत नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं.

आमच्या घरात सकाळ व्हायची ती वायरलेसच्या खरखरीनं. तो डबा स्वयंपाकघरात फळीवर होता, कारण त्याची तार तिथल्याच खिडकीतून बाहेर नेणं सोपं पडलं. त्याचा परवाना काचेच्या चौकटीत पिठाच्या डब्यावर टांगलेला. सात वाजले की आई पिठाचे हात लुगड्याला पुसून बटण फिरवायची. तवा तापलेला, बाजूला कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि त्या खरखरीतून माझ्या मोठ्या बहिणीचा, रूथताईचा आवाज: "सलाम आई. मोहपाडा बोलतोय. सगळं ठीक." ताई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, चोवीस वर्षांची. महिना-महिना ती पेठ-सुरगाण्याच्या पलीकडच्या डोंगरात, जंगलातल्या पाड्यांवर फिरत्या पथकाबरोबर असायची. तिच्या जोडीला शांताबाई म्हणून वयस्क बायबलबाई. आमच्याकडं बायाबापड्यांत बसून शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाईला बायबलबाई म्हणतात. तर ताई 'सगळं ठीक' म्हणायची आणि त्यावर भजनाची एक ओळ गायची. हे पप्पांनीच ठरवून दिलं होतं. ते म्हणायचे, माणूस आजारी असलं तरी 'ठीक आहे' म्हणतं, पण आजारी माणसाला गाता येत नाही. म्हणून ओळ आली की दिवस बरा. ताईचा गळा असा होता की त्या मोडक्या डब्यातूनही आईचा हात भाकरीवर थांबायचा. मग एक बाजू करपायची आणि ती भाकरी माझ्या ताटात यायची.

मोहपाड्याला पट्टी होती. धावपट्टी म्हणायची ती शोभेपुरती. डोंगराच्या पाठीवर तीनशे पावलांची गवताची पट्टी, एका टोकाला मोहाची झाडं आणि दुसऱ्या टोकाला दरी. पाड्यातल्याच कोकणा आदिवासींनी ती दगड वेचून केली होती आणि जानूदादा नावाचा एक म्हातारा ती सांभाळायचा. तो ख्रिस्ती नव्हता. त्याचे देव डोंगरावर होते, आणि आमचं विमान त्याच्या देवांना काही त्रास देत नाही एवढं बघून त्यानं ते पत्करलं होतं. पट्टी ओली आहे की वाळली हे तो पायानं बघायचा. डोक्यावर पाण्यानं भरलेला हंडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचा. टाच रुतली तर गाडी हलकी आणा, घोटा रुतला तर येऊच नका, असा हिशोब त्याचा आणि पप्पांचा मिळून बसलेला. घोटा रुतला की तो पट्टीवर त्याच्या बायकोचं लाल लुगडं पसरून ठेवायचा. पप्पा आणि तो दोघंही जेमतेम शिकलेले, पण थॉमसभाऊ म्हणायचे, मला मोठमोठ्या विमानतळांवर एवढा भरवसा मिळाला नाही.

आता लोक लिहितात की विमानानं आमच्या सेवकांना सुरक्षित ठेवलं. लिहा बापडे. विमान म्हणजे पत्रा आणि पंखा. सुरक्षित ठेवलं ते काट्यानं, सातच्या खरखरीनं आणि एका म्हाताऱ्याच्या टाचेनं. हे तिन्ही जोवर खरं बोलत होते तोवर कुणाला काही झालं नाही. एक दिवस त्यातलं एक खोटं पडलं आणि तेही खोटं पाडलं कुणी, तर ज्यानं खरं सांगण्याचा पगार घ्यायचा त्यानं.

त्या वर्षी भाद्रपद संपत आला होता. पाऊस ओसरत होता, पण डोंगरात नद्या अजून भरलेल्या, घाटात दरडी, एसटी पेठच्या पुढं जात नव्हती. मोहपाड्याला पथकासाठी दोन खोल्यांचा दवाखाना बांधून झाला होता आणि त्याचं उद्घाटन करायला मुंबईहून मिशन चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे सेक्रेटरीसाहेब आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव एका ठिकाणी लिहिलेलं आहे तेवढं पुरे आहे. आजवर त्या खुर्चीत गोरेच बसत आलेले. हे पहिले आपले. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांतले, खेड्यातून वर आलेले, शिकलेले. आमच्या घरात किती आनंद झाला होता म्हणून सांगू. आईनं दोन कोंबड्या कापल्या. नाताळसाठी राखलेला रवा काढून तिनं करंज्या केल्या. ढग हटेनात म्हणून साहेब आमच्याकडं तीन दिवस जेवले, आणि पप्पा स्वतः त्यांच्या हातावर पाणी घालायचे. "आपला माणूस आहे," पप्पा आईला सांगायचे. "आपला माणूस त्या खुर्चीत बसलेला बघायला मिळाला." साहेबही गोड बोलायचे. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, मन लावून शिक. मी त्या हाताखाली फुगले होते, आज सांगायला लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं. सात वाजता आईनं बटण फिरवलं. "सलाम आई. मोहपाडा. सगळं ठीक," ताईचा आवाज आला आणि पुढं नुसती खरखर. आई थांबली. पप्पा दारात येऊन थांबले. ओळ आली नाही. आईनं विचारलं, "रूथ, गातेस ना?" बऱ्याच वेळानं शांताबाईंचा आवाज आला, "वहिनी, तिला तीन दिवस हिवताप आहे. सांगू नका म्हणत होती. काल रात्रीपासून बरळतेय. कोयनेलच्या गोळ्या संपल्या." मग पप्पांनी पुढं होऊन विचारलं, "पट्टी?" शांताबाई म्हणाल्या, "जानूदादा चालून आला. टाच रुतते म्हणतो, घोटा नाही. हलकी आणा म्हणतो."

थॉमसभाऊ निघायच्या तयारीतच होते. हलकी म्हणजे एकट्यानं जायचं, औषध द्यायचं आणि ताईला घेऊन यायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण साहेब कपडे करून ओसरीत उभे. त्यांना मुंबईत परत मीटिंग होती, आज नाही तर उद्घाटन राहिलंच. थॉमसभाऊंनी वहीत आकडे मांडले. साहेब पासष्ट किलोचे असतील आणि सामान दहा किलोचं, तर टाच रुतणाऱ्या पट्टीवर उतरता येईल, आणि येताना सामान तिथंच राहील, तेव्हा साहेब आणि ताई दोघंही बसतील. "काट्यावर बघून घेऊ," थॉमसभाऊ म्हणाले आणि विमानाकडं गेले.

पप्पांनी लोखंडी वजन ठेवून काटा तपासला. मग त्यांनी साहेबांकडं पाहिलं. हवा दमट होती, ओसरीभर कांद्याचा वास. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय, मेस्त्री?" साहेब हसत म्हणाले. "आम्ही काय लासलगावचा माल आहोत?"

"नियम आहे, साहेब. सगळेच चढतात."

"परवाच तोललंय डॉक्टरांनी. पासष्ट. लिहा. आपल्याच माणसाच्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?"

मी तिथंच होते, काट्याच्या या बाजूला. ब्याण्णव किलोच्या गोऱ्याला बिनधास्त 'एक पेटी खाली राहील' म्हणणारा माझा बाप एका हसण्यापुढं गप्प झाला. एवढ्या वर्षांनी आपला माणूस मोठा झाला, त्याला कांद्याच्या काट्यावर उभं करायचं आणि चारचौघांत आकडा पुकारायचा, हे त्यांच्या हातून झालं नाही. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती. गोऱ्याकडून नाही, थॉमसभाऊंकडूनही नाही. ती आमचीच चूक होती, आमच्यातल्यांनी आमच्यातल्यासाठी केलेली.

"आणि वळकटी?" पप्पांनी विचारलं.

"पांघरुणं आहेत हो," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या शिपायानं ती वळकटी पप्पांच्या हातात न देता स्वतःच नेऊन विमानात ठेवली. नेताना तो एका अंगावर कलला होता. हे पप्पांनी पाहिलं होतं. पुढं मरेपर्यंत ते आईला सांगायचे, मी पाहिलं होतं. त्यांनी कागदावर पासष्ट लिहिलं, दहा लिहिलं, आणि कागद थॉमसभाऊंना दिला. विमान माळावरून उठलं ते नेहमीच्या बाभळीपाशी उठलं नाही. पार कुंपणापाशी जाऊन उठलं. पप्पा हातात फडकं धरून बघत राहिले.

पुढचं शांताबाईंनी आम्हाला सांगितलं. मोहपाड्यावर गाडी उतरली ती धप्पकन, जणू वरून पोतं टाकलं. डावं चाक त्या ओल्या पट्टीत रुतलं, गाडी तिरकी झाली आणि चाकाची दांडी वाकली. जानूदादा डोक्यावर हात मारून म्हणाला, "हलकी नाय ही. म्या हलकी सांगितली व्हती." साहेब उतरले, शिपायाविना वळकटी उचलवेना, तेव्हा पाड्यातल्या दोन जवान पोरांनी ती उतरवली. सोडली तर आतून संगमरवरी पाटी निघाली. साहेबांच्या नावाची, उद्घाटनाच्या तारखेची, चादरीत नीट गुंडाळलेली. अगं बाई गं. आत माझी बहीण तापानं बरळतेय, आणि हा माणूस स्वतःच्या नावाचा दगड घेऊन जंगलात आला होता.

थॉमसभाऊंनी चाकाची दांडी तारेनं आणि बांबूच्या कामटीनं बांधली. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, अब एकच माणूस येईल. चाक जादा वजन घेणार नाही. सिस्टर को ले जाना पडेगा. तुम्ही थांबा, दोन दिवसांत रस्त्यानं माणसं पाठवतो." शांताबाईंनी ताईला झोळीत घालून पट्टीपर्यंत आणली होती. साहेब तोवर जाऊन सीटवर बसले होते. म्हणाले, "हिला कोयनेल दिलंय ना आता? उतार पडेल. तू मला सोड आणि दुपारी परत ये, अर्ध्या तासाचं तर काम." थॉमसभाऊ दाराशी उभे. उतरा म्हणाले, दोनदा म्हणाले. साहेब उतरले नाहीत. पट्टा बांधून समोर बघत बसले. ओढून काढायचं का? थॉमसभाऊ पुढं आमच्या ओसरीत बसून रडले होते, "ओढून काढायला पाहिजे होतं, मेस्त्री." मीही तेच म्हणते. पाहिजेच होतं.

विमान परत आलं तेव्हा आई माळावर गादी घेऊन उभी होती, आणि मी मडक्यात पाणी घेऊन. दार उघडलं आणि एकटे साहेब उतरले. आईनं त्यांच्या मागं पाहिलं, आत पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं.

"माझी रूथ?"

"येतेय, येतेय, बाई," साहेब म्हणाले. "दुपारच्या फेरीला. देवावर भरवसा ठेवा."

दुपारची फेरी झालीच नाही. माळावर उतरतानाच कामटी तुटली होती आणि चाक मोडून पडलं होतं. नवा सुटा भाग मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. साहेब त्याच दुपारी आगगाडीनं मुंबईला गेले. जाताना आईनं दिलेला करंज्यांचा डबा त्यांनी बरोबर नेला. करंज्यांचं मला काही नाही, पण डबा ताईचा होता.

मोहपाड्याहून खाली पेठपर्यंत दोन दिवस लागले. जानूदादा आणि पाड्यातली सहा माणसं आळीपाळीनं ताईची झोळी खांद्यावर घेऊन आली. दोन नद्या त्यांनी छातीभर पाण्यातून ओलांडल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. शांताबाई म्हणाल्या की मी प्रार्थना करत होते आणि डोळे उघडले तर हे बांबू तोडून उभे होते. पेठहून जीपनं दवाखान्यात आणली तेव्हा ताईला आई ओळखता आली नाही. ताप मेंदूत चढला होता. त्याच दिवशी विमानानं आली असती तर थोडक्यात भागलं असतं, असं गोरे डॉक्टर म्हणाले. आता जगवायची तर कोयनेल भरपूर द्यावं लागेल, दुसरा इलाज नाही. त्यांनी दिलं आणि ती जगली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. नवव्या दिवशी ताई उशीला टेकून बसली, आईच्या हातची पेज प्यायली आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "तुम्ही सगळे कुजबुजत का बोलताय?"

कुणीच कुजबुजत नव्हतं. आई तर मोठ्यानं आभार मानत होती.

जानूदादा माघारी जायच्या आधी आमच्या घरी आला. आईनं उडदाचं भुजं आणि नागलीच्या भाकरी केल्या, कारण गव्हाची पोळी त्याला रुचायची नाही. जेवून तो ओसरीत आला आणि काट्यासमोर उभा राहिला. "ह्योच काय तो?" त्यानं विचारलं. "ह्याच्यावर चढल्याबिगर तुम्ही कुनाला धाडत नाय ना?" मग म्हातारा आपणहून त्यावर चढला, कोपरी, काठी, सगळ्यासकट. पप्पांनी सवयीनं दांडीवरचं वजन सरकवलं. अठ्ठेचाळीस. पप्पांनी आकडा वाचला आणि तिथंच ओसरीच्या पायरीवर बसून ते रडायला लागले. बापाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. जानूदादा काट्यावरून उतरून त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं विडी पेटवून पप्पांच्या हातात दिली. पप्पा विडी ओढत नसत, पण त्या दिवशी ओढली.

महिन्याभरानं मंडळाचं पत्र आलं. चौकशी झाली होती म्हणे. कुणी केली, कुणाला विचारलं, देव जाणे. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. प्रवाशाचं वजन न करता विमान पाठवल्याबद्दल मेस्त्रींना कामावरून कमी करण्यात येत आहे, असं होतं. साहेबांनी लिहून दिलं होतं की आपल्याला काट्यावर चढायला कुणी सांगितलंच नाही. थॉमसभाऊंनी खरं ते लिहिलं, तर त्यांना दूर आसामकडं पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आई म्हणाली, "मुंबईला जा, त्यांच्या तोंडावर सांगा." लोक भित्रा म्हणाले, तरी पप्पा गेले नाहीत. म्हणाले, "चूक माझी आहेच. मी तोललं नाही." चूक त्यांची होती, मान्य, मीही लपवत नाही. पण त्यांनी आपली चूक जन्मभर उरावर वागवली, आणि दुसऱ्यानं स्वतःची चूक दगडावर कोरून भिंतीत बसवली. पप्पा सातपूरला एका लेथच्या वर्कशॉपात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काटा त्यांनी भंगारात दिला नाही. आमच्या नव्या घरात तो मोरीजवळ होता आणि त्यावर आई बादली ठेवायची.

मध्ये बऱ्याच वर्षांनी मी एसटीनं आणि पुढं जीपनं मोहपाड्याला जाऊन आले. जानूदादा कधीच गेला होता. पट्टीवर नागली पेरलेली. दवाखान्याच्या खोल्यांत गवताचे भारे होते, पण भिंतीतली संगमरवरी पाटी तशीच पांढरीशुभ्र, साहेबांच्या नावासकट. नव्या पोरांना विचारलं, हे कोण? त्यांना माहीत नव्हतं. जानूदादाचं नाव मात्र त्यांना माहीत होतं. मला बरं वाटलं. तरी चिडचिड काही गेली नाही, खोटं कशाला बोलू.

रूथताईनं लग्न केलं नाही. त्या कोयनेलनं कान गेले ते गेलेच, आणि ऐकू येत नाही म्हणून नर्सचं काम गेलं. मग तिनं दवाखान्याच्या शिवणखात्यात चादरी शिवल्या, निवृत्त होईपर्यंत. ती माझ्याकडंच राहते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गाणं तिनं कधी सोडलं असं नाही. पहिली काही वर्षं ती भांडी घासताना गायची, सूर भलतीकडंच जायचा, तिला कळायचं नाही आणि आम्ही कुणी सांगायचो नाही. एकदा शेजारची पोरं हसली. तिनं त्यांची तोंडं पाहिली आणि त्यानंतर ती गायली नाही. आम्ही बोलतो ते एका वहीत लिहून. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं ती चारचौघांत फार मोठ्यानं बोलते, म्हणून आमची एक खूण आहे. मी तिचा हात दोनदा दाबला की ती आवाज उतरवते. देवळात, बँकेत, लग्नात, गेली पन्नास वर्षं मी तिचा हात दाबत आले आहे. तिच्या आवाजानं लोकांना त्रास होऊ नये म्हणून.

परवा आमच्या मंडळाचा मोठा वर्धापन सोहळा झाला. हॉल, हार, चहा, आणि स्मरणिका. मुखपृष्ठावर आमचं विमान. आत साहेबांचं पानभर चित्र, पाच-सहा पानं थोरामोठ्यांची, आणि पप्पांचं नाव नाही, थॉमसभाऊंचं नाही, शांताबाईंचं नाही, जानूदादाचं तर कुठून असणार. ताईचं नाव शोधायला मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नव्हतं. बोलायला नवे पाळकसाहेब उभे राहिले, वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, भला माणूस, त्याला जे लिहून दिलं तेच तो वाचणार. म्हणाले की जंगलाच्या त्या दुर्गम भागात या विमानानं आपल्या सेवकांना पंखाखाली घेतलं आणि इतक्या वर्षांत, देवाच्या कृपेनं, एकाही सेवकाच्या केसाला धक्का लागला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी ताईनंही वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून. तोंड भरून हसत वाजवल्या.

माझ्या अंगाची आग झाली. काय करावं कळेना. तिनं टाळ्या थांबवून वही माझ्यापुढं केली आणि भुवया उडवल्या, म्हणजे काय म्हणाले ते लिही. खोटं लिहावं असं माझ्या मनात आलं. छान बोलले, एवढंच लिहावं. नेहमी तेच लिहिते. पण पेन्सिल हातात घेतली आणि मी जसंच्या तसं लिहिलं: म्हणाले, विमानामुळं एकाही सेवकाला काही झालं नाही.

तिनं वाचलं. वही जरा लांब धरून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं वळून, स्वतःला ऐकू न येणाऱ्या त्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं तिनं विचारलं, "मग माझे कान कुणी नेले गं?"

पाळकसाहेबांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. पुढच्या माना मागं वळल्या. कुणीतरी "शू" म्हणालं. माझा हात तिच्या हातावर होता आणि बोटं सवयीनं आवळायलाही लागली होती. मी ती सैल सोडली.

ताईनं सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली, सावकाश, घाई नाही. मग तितक्याच मोठ्यानं मला विचारलं, "त्यांना ऐकू गेलं का?"

मी वही घेतली आणि लिहिलं, गेलं.